जुन्या बोटीची कुंडली: उजनीसाठी कोणती तपासणी पैसे वसूल, कोणती नुसता खर्च

जुनी मोटारसायकल घ्यायची तर मोबाईलवर नंबर टाकला की विमा, फिटनेस, बँकेचा बोजा सगळं दिसतं. बोटीचं तसं नाही. करमाळा आणि माढा तालुक्यांत उजनी धरणाच्या काठाला विकायला निघणाऱ्या बोटी तीन वाटांनी येतात. कोकणातून ट्रकवर चढून आलेल्या फायबरच्या मासेमारी होड्या, इथेच वेल्डिंगच्या शेडमध्ये बांधलेल्या पत्र्याच्या होड्या, आणि मुंबई-गोव्याच्या पर्यटनातून निवृत्त झालेल्या स्पीडबोटी व जेट स्की. चौथी वाट वाळूची आहे, ती पुढे सविस्तर येईल. या प्रत्येकीचा इतिहास वेगळ्या दप्तरात असतो, आणि निम्मा तर कुठल्याच दप्तरात नसतो. तो बोटीच्या बुडावर असतो.

बोटीचा इतिहास काढून देणाऱ्या सोयी आज बऱ्याच आहेत: परदेशी वेबसाइटचे अहवाल, सरकारी नोंदी, खासगी सर्व्हेअर आणि ऑनलाइन मिळणारी मीटर. त्यातली कुठली उजनीच्या गिऱ्हाइकाच्या उपयोगाची, हे इथे पाहू. निकाल आधीच सांगायचा तर पहिला पैसा सर्व्हेअरवर आणि वजनकाट्यावर घाला. दुसरा सरकारी नोंदीवर. परदेशी अहवालावर जवळजवळ कधीच नाही.

परदेशी अहवाल

या वेबसाइट डॉलरमध्ये पैसे घेतात आणि बोटीच्या सांगाड्याचा नंबर, म्हणजे हल आयडेंटिफिकेशन नंबर किंवा ‘हिन’, टाकला की अमेरिकेतल्या राज्यांच्या नोंदी, अपघात, विमा कंपनीने मोडीत काढल्याची नोंद वगैरे दाखवतात. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून बनलेल्या बोटींना हा १२ अक्षरांचा नंबर सक्तीचा आहे. तो मागच्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात वरच्या कडेजवळ असतो. बोट पाण्यात असताना तुम्ही नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभे राहिलात की तुमचा उजवा हात, ती उजवी बाजू. हे सांगावं लागतं, कारण नाळेकडून बघणारे कोपऱ्यांचा घोळ घालतात.

नंबर वाचायला सोपा आहे. समजा तो ‘एबीसी१२३४५एच४०५’ असा आहे. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची, पुढची पाच अनुक्रमांकाची, मग महिन्याचं अक्षर. ए म्हणजे जानेवारी, त्या हिशोबाने एच म्हणजे ऑगस्ट. त्यापुढचा ४ म्हणजे २००४ साल आणि शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष, २००५. विकणारा ‘२०१२ चं मॉडेल’ म्हणत असेल तर तिथेच विषय संपला. अनुक्रमांकाच्या पाच जागांत आय, ओ आणि क्यू ही अक्षरं येत नाहीत. ती दिसली तर नंबर घरी बनवलेला आहे. युरोपातल्या बोटींवर याच नंबराच्या आधी देशाची दोन अक्षरं असतात. हाच नंबर बोटीवर दुसऱ्या एका दडलेल्या जागीही कोरलेला असतो, कुठल्या तरी फिटिंगखाली किंवा आतल्या बाजूला. दोन्ही जुळायला हवेत. नंबराच्या पट्टीचे रिव्हेट चकचकीत आणि बाकी बोटीचे काळवंडलेले असतील, किंवा पट्टीभोवतीचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर, दोन बोटं रुंदीत वेगळ्या रंगाचा असेल, तर अहवाल मागवायचीही गरज नाही.

आयात केलेल्या जेट स्कीपुरता हा अहवाल ठीक आहे. चक्रीवादळात बुडालेली, विमा कंपनीने लिलावात काढलेली यंत्रं पॉलिश करून बाहेरच्या देशांत पाठवली जातात, आणि ती त्यात सापडू शकतात. पण बोट अमेरिकेच्या बाहेर पडली की त्या अहवालातला इतिहासही तिथेच थांबतो. इथे आल्यावर दहा वर्षं तिने काय सोसलं, याचा त्यात एक शब्द नसतो. आणि रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर साच्यातून निघालेल्या होडीला असा नंबर सहसा नसतोच. तिथे फार तर बांधणाऱ्याची पाटी असते. तेव्हा होडी घेणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. आयात बोट असेल तर अहवालाआधी कस्टमची बिल ऑफ एंट्री मागा. ती नसेल तर पुढचं काहीच तपासायची गरज नाही.

सरकारी नोंदी

देशांतर्गत पाण्यावरच्या यांत्रिक बोटींना २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू आहे. १९१७ चा जुना कायदा त्याने बाजूला केला. त्यानुसार नोंदणी प्रमाणपत्र वेगळं आणि सर्व्हेचं प्रमाणपत्र वेगळं, आणि विकणारे नेमका इथेच गोंधळ उडवून देतात. नोंदणी म्हणजे बोट कुणाची. सर्व्हे म्हणजे ती कुठल्या पाण्यात, किती माणसं घेऊन, कुठल्या तारखेपर्यंत चालवायला योग्य. नोंदणीचा कागद पुढे करून ‘पेपर क्लियर आहेत’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. सर्व्हेची मुदत कधी संपली ते विचारा. २१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. तेव्हापासून प्रवासी बोटीचे कागद आणि लाइफ जॅकेट हा या काठावर फक्त फाइलचा विषय राहिलेला नाही.

महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. सेवा म्हणून पाहिलं तर नोंद भरवशाची, पण वेळ खाणारी. मंडळाचा जीव किनाऱ्यावर, सोलापूरला समुद्र नाही. त्यामुळे झेरॉक्सवर समाधान मानू नका. विकणाऱ्याची लेखी संमती घेऊन नोंदणी अधिकाऱ्याकडून सद्यस्थितीचा उतारा मागवायला सांगा: मालक कोण, तारण आहे का, नोंदणी स्थगित किंवा रद्द झाली आहे का. माहिती अधिकारात अर्ज करायचा तर शुल्क १० रुपये आणि मुदत ३० दिवस. विकणारा ‘दोन दिवसांत ठरवा, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे’ म्हणतो ते बहुतेक याच ३० दिवसांच्या धास्तीने. दुसऱ्या राज्यातली नोंदणीही देशभर चालते, म्हणून गोवा किंवा कर्नाटकचा कागद दिसला म्हणून तो खोटा ठरत नाही. उतारा मात्र त्याच राज्यातून मागवायचा.

कागद हातात आला की टेप घ्या. प्रमाणपत्रावर लांबी, रुंदी, खोली, इंजिनाचा मेक आणि नंबर लिहिलेला असतो. कागदावर लांबी ७.२० मीटर आणि टेपवर ८ मीटर भरली तर बोट मधोमध कापून लांबवलेली आहे. जास्त माणसं बसवायला हे करतात. सांधा आतून जाड, बाहेरून पुटीखाली लपलेला असतो. अशी बोट लाटेवर वाकते ती त्याच जागी. कागदावर नसलेली टप किंवा वरची बाल्कनी चढवली असेल तरी तेच. वजन वर गेलं की स्थिरता बिघडते आणि सर्व्हेच्या कागदाला अर्थ उरत नाही.

कोकणातून आलेल्या होडीवर नाळेजवळ रंगवलेला नंबर शोधा. रंगाखाली दबला असेल तर तिरपा टॉर्च मारा, जुन्या अक्षरांच्या कडा उठून दिसतात. आयएनडी, मग एमएच, मग जिल्ह्याचा आकडा, मग दोन अक्षरं आणि क्रमांक, अशी त्याची मांडणी. त्या दोन अक्षरांत एमएम म्हणजे आत बसवलेल्या इंजिनाची, एमओ म्हणजे बाहेर लावायच्या मोटरची आणि एनएम म्हणजे बिनमोटरची. एनएम होडीच्या मागच्या फळीवर ४० अश्वशक्तीचं यंत्र लटकलेलं असेल तर ती फळी त्यासाठी बांधलेली नव्हती, हे लक्षात घ्या. सागरी मासेमारी नौकांची नोंद केंद्राच्या रिअलक्राफ्ट प्रणालीत असते. विकणाऱ्याला मत्स्यव्यवसाय खात्याकडून ती नोंद बंद केल्याचं पत्र आणायला सांगा. तिकडची नोंद जिवंत ठेवून बोट इकडे विकली, तर एकाच नंबराच्या दोन बोटी होतात, आणि चौकशी लागली की आधी तुमच्या दारात येते.

बोजा आणि अनुदान इथे फार अडकवतं. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत लाभार्थ्याला सर्वसाधारण गटात ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान असतं. अनुदानातून आलेली बोट विकायला मंजुरीपत्रात काय अटी आहेत ते वाचल्याशिवाय इसार देऊ नका. बँकेच्या तारणासाठी ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदवहीत कर्जदाराच्या नावाने शोध घेता येतो. हे काम घरबसल्या होतं, आणि या सगळ्या यादीतली सर्वांत कमी त्रासाची सेवा हीच. फक्त मच्छीमार संस्थेने दिलेली उचल तिथे दिसेलच असं नाही. त्यासाठी संस्थेचा ‘येणे बाकी नाही’ दाखला हवा.

मूळ बिल असेल तर त्यावरचा एचएसएन क्रमांक, म्हणजे करासाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा, बघा. ८९०२ म्हणजे मासेमारीची नौका, ८९०३ म्हणजे हौसेची किंवा खेळाची, ८९०१ म्हणजे प्रवासी किंवा माल वाहणारी. ‘पहिल्यापासून पर्यटनाची, फक्त शनिवार-रविवार चाललेली’ अशी जाहिरात आणि बिलावर ८९०२, असा मेळ दिसला की ती शनिवार-रविवारची गोष्ट सोडून द्या.

वाळूची बोट

भीमेच्या पात्रात आणि उजनीच्या फुगवट्यात यांत्रिक बोटी लावून वाळू उपसली जाते. महसूल आणि पोलीस पथकं त्या बोटी पकडतात, जिलेटिन लावून फोडतात किंवा जागेवर बुडवतात. फोडलेली सगळीच बोट वाया जात नाही. अर्धवट मोडलेली, बुडवलेली बोट पाणी उतरलं की वर काढली जाते, पत्रा ठोकून सरळ केला जातो, नवं डांबर बसतं आणि ती ‘मासेमारीची जड होडी’ म्हणून विकायला येते. भाव कमी असतो, हीच तिची ओळख.

अशी बोट अंगावरून ओळखता येते. सक्शन पंपाचा पाइप ज्या कडेवरून आत येतो ती कड घासून गुळगुळीत झालेली असते, साधारण पाइपाच्याच रुंदीची खाच पडलेली. तळात मधोमध ट्रकच्या इंजिनाचा पाया बसवल्याच्या खुणा असतात: चार जाड पट्ट्या, किंवा त्या कापून काढल्यावर राहिलेले वेल्डचे चौकोन. मासेमारीच्या होडीला एवढ्या मोठ्या पायाचं कामच नसतं. आतला पत्रा एकसारखा पातळ झालेला असतो, कारण वाळूमिश्रित पाणी वर्षभर त्यावरून घासत गेलेलं असतं. गंज खड्डे पाडतो, वाळू मात्र गुळगुळीत घासते. हा फरक हाताचं बोट फिरवून कळतो. स्फोट सोसलेल्या बोटीच्या बाजूवर पट्टी आडवी धरा. फासळ्यांच्या मधला पत्रा बाहेर फुगलेला आणि फासळी जागेवर असेल तर तो धक्का आतून बसलेला आहे. खडकावर आपटलेली बोट आत दबते, बाहेर फुगत नाही.

कागदाच्या बाजूने यात दोनच गोष्टी ग्राह्य. सरकारी लिलावात घेतली असेल तर लिलावाची पावती आणि ताबा पावती. नाहीतर तहसील कार्यालयातून आणि काठाच्या पोलीस ठाण्यातून त्या वर्णनाची बोट जप्तीत नाही याची खात्री. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली अवैध उपशाची साधनं जप्त होतात आणि दंड बसतो. जप्तीतली वस्तू विकायचा अधिकार जुन्या मालकाला नाही. पंचनाम्यात बोटीचं वर्णन फार मोघम असतं, ‘एक लोखंडी बोट इंजिनासह’ एवढंच. म्हणून इंजिनाचा नंबर घेऊन जा, बोटीचा फोटो घेऊन जाऊ नका. डांबर लावलेल्या दोन बोटी फोटोत सारख्याच दिसतात.

सर्व्हेअर

मोबदला लागतो, पण एवढी कामाची दुसरी सेवा नाही. विमा नियामकाचा परवाना असलेला, नौकांच्या कामाचा सर्व्हेअर बघा. मोटारगाड्यांचे दावे बघणारा नको. विकणाऱ्याने सुचवलेला तर मुळीच नको. करमाळ्यापर्यंत येण्या-जाण्याचा खर्च आधीच बोलून घ्या, कारण अर्धं बिल प्रवासाचंच होतं. बोट त्याच्या येण्याआधी पाण्याबाहेर काढून ठेवणं हे तुमचं काम. ओली बोट दाखवलीत तर तो जे लिहील त्याला काही किंमत नाही.

अहवाल चांगला की वाईट हे पहिल्या पानावर कळतं. ‘एकंदर स्थिती समाधानकारक’ हे वाक्य असेल आणि आकडे नसतील तर पैसे गेले. बोटीच्या बुडाचं रेखाचित्र, त्यावर ठिकठिकाणी लिहिलेले ओलाव्याचे किंवा जाडीचे आकडे, प्रत्येक दुरुस्तीचा जवळून फोटो, आणि शेवटी ‘काय पाहता आलं नाही’ याची यादी, एवढं हवंच. ही शेवटची यादी देणारा सर्व्हेअर प्रामाणिक.

फायबरच्या होडीत तो काय बघतो हे समजून घेतलं तर निम्मं तुम्हालाही जमेल. प्लास्टिकच्या हातोडीने किंवा पाच रुपयांच्या नाण्याने बुडावर हातभर अंतराने ठोकत जा. टणक, कोरडा आवाज आला तर थर एकमेकांना धरून आहेत. भद्द आवाज आला तिथे थर सुटलेत किंवा मधे पाणी शिरलंय. खडूने ती जागा गोल करा. पाच-सहा गोल एकाच रेषेत आले तर ती रेषा कशाची आहे ते पाहा. उजनीत ती बऱ्याचदा तळाच्या कण्याची निघते. उन्हाळ्यात वापरायचा साठा संपून उजनी ‘मायनस’मध्ये जाते तेव्हा बोटी गाळावर, दगडावर बसतात. बुडालेल्या गावांच्या भिंती आणि बाभळीचे खुंट पाण्याखाली हातभर अंतरावर येतात. पळसदेवचं मंदिर उघडं पडलं की समजायचं, त्या वर्षी बुडाला मार बसलेल्या बोटी पावसाळ्यानंतर विकायला येणार.

फोडं हा दुसरा प्रकार. जेलकोटखाली पाणी मुरलं की बुडावर वाटाण्याएवढे फुगे येतात. चष्मा घालून एखादा फोडा. आतला द्रव दाबाने उडतो आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. लोकांचा समज असा की खारं पाणी जास्त वाईट. फोडांच्या बाबतीत उलट आहे. गोड्या आणि कोमट पाण्यात ती जास्त वेगाने येतात, कारण आतल्या विरघळलेल्या रसायनांकडे गोडं पाणी अधिक जोराने ओढलं जातं. कोकणात दहा वर्षं ठणठणीत असलेली होडी उजनीत दोन उन्हाळे कायम पाण्यात राहिली की फोडं दाखवू शकते. मोजकी असतील तर घासून, वाळवून, इपॉक्सी भरून निभावतं. सगळं बूड भरलं असेल तर जेलकोट सोलून काढावा लागतो. तेवढ्या खर्चात दुसरी होडी बघा.

मागची फळी, म्हणजे मोटर ज्यावर टांगतात ती, हा या होड्यांचा सर्वांत कमजोर भाग. आत प्लायवूड असतं, बाहेर फायबरचं कवच. मोटरच्या बोल्टच्या भोकातून पाणी झिरपतं आणि प्लाय आतल्या आत कुजतं, बाहेरून पॉलिश तसंच. मोटर खाली सोडा, तिच्या पायाला धरून वर-खाली हलवा आणि सोबत्याला फळीच्या कडेवर हाताचं बोट ठेवायला सांगा. फळी हलल्याचं बोटाला जाणवलं तर ती गेली. शंका राहिली तर मालकाच्या परवानगीने आतल्या बाजूने ६ मिलिमीटरचं एक भोक पाडा आणि ड्रिलवर आलेला भुसा तळहातावर घ्या. कोरडा, पिवळसर असेल तर ठीक. तपकिरी, ओला, चिखलासारखा चिकटणारा असेल तर पूर्ण फळी बदलायची. भोक इपॉक्सीने बंद करायला विसरू नका, नाहीतर तपासणीच रोगाचं कारण होते.

ऑनलाइन मिळणाऱ्या ओलावा मीटरबद्दल दोन शब्द. दोन खिळ्यांचं मीटर लाकडासाठी असतं. ते फायबरवर टोचून काही कळत नाही, उलट जेलकोटला भोकं पडतात. बिनखिळ्यांचं, पृष्ठभागावर ठेवायचं मीटर हवं. त्याचा आकडाही एकटा वाचायचा नाही. पाण्याच्या रेषेच्या वर, जिथे बोट कधी भिजत नाही, तिथे आधी घ्या. मग खाली घ्या आणि फरक बघा. आतल्या बाजूला इंधनाची टाकी, धातूची पट्टी किंवा तळात साचलेलं पाणी असेल तर मीटर विनाकारण ओरडतं. बोट काल बाहेर काढली असेल तर मीटर पेटीतच ठेवा. आठवडाभर तरी सावलीत वाळली पाहिजे.

पत्र्याच्या होडीला जाडी मोजायचं अल्ट्रासॉनिक यंत्र लागतं. पोलादासाठी आवाजाचा वेग ५,९२० मीटर प्रति सेकंद ठेवायचा आणि जेल लावून मोजायचं. मुख्य खोट इथे होते: रंगावरून किंवा डांबरावरून मोजलं तर रंगात आवाज संथ जातो, आणि अर्धा मिलिमीटर रंग यंत्राला एक मिलिमीटरपेक्षा जास्त पोलाद वाटतो. रुपयाएवढी जागा घासून उघडी करा. मूळ पत्रा ३ मिलिमीटर असेल आणि कुठे २.२५ च्या खाली गेला असेल, तर तो तुकडा बदलायचा. तळातल्या फळ्या उचलून त्यांच्याखाली मोजा, कारण पाणी तिथे साचून राहतं. विकणारा ‘फळ्या खिळल्यात, निघत नाहीत’ म्हणाला तर पहार तुमची आणा. बोटीला ताजं डांबर लागलेलं असेल तर ते वर्षाच्या ठरल्या वेळचं आहे की विक्रीसाठीचं, हे शेजारच्या बोटींकडे बघून कळतं.

आता वजनकाटा. सोलापूर जिल्ह्यात ऊस कारखान्यांमुळे आणि हमरस्त्यांमुळे काटा कुठेही जवळच सापडतो, आणि बोटीसाठी त्याच्याइतकी स्वस्त, खोटं न बोलणारी तपासणी नाही. टेम्पो बोटीसह तोला, मग रिकामा तोला. मोटर, टाकी, नांगर, दोऱ्या सगळं उतरवलेलं पाहिजे. फायबर होडीच्या तळात आणि बाकांखाली भरलेल्या फोमने पाणी प्यायलं असेल तर ते बाहेरून दिसत नाही, मीटरही चकतं, काटा चकत नाही. बांधणाऱ्याने ४०० किलो सांगितलेली होडी काट्यावर ५२० भरली तर ते १२० किलो पाणी आहे किंवा कुणीतरी चढवलेले जादा थर आहेत. दोन्ही वाईट. अशा काट्यांचा एक भाग १० किंवा २० किलोचा असतो, म्हणून पाच-दहा किलोच्या फरकावर वाद घालू नका.

इंजिन

इंजिनाची कुंडली बोटीपेक्षा वेगळी काढायची, कारण दोघांचा जन्म एकाच दिवशी झालेला क्वचितच असतो. बाहेरच्या मोटरीचा अनुक्रमांक बहुतेक मेकमध्ये फळीला आवळायच्या क्लॅम्पवरच्या पट्टीवर असतो. पट्टी खरवडलेली किंवा गायब असेल तर ती चोरीची समजा आणि उठा. नंबर असेल तर कंपनीच्या डीलरकडे मॉडेल आणि साल विचारता येतं. ही सेवा फुकट आणि चांगली, फक्त कमी लोक वापरतात.

मोटर बुडून निघालेली आहे का, हे वरचं झाकण काढून बघा. स्टार्टरच्या दोरीच्या स्प्रिंगवर गंज, वायरच्या जोडांत बारीक गाळ, फ्लायव्हीलखाली वाळलेली आडवी रेषा. गाळाचा रंगही बोलतो. ‘परवाच कोकणातून आणली’ म्हणतात आणि जोडात काळी, चिकट माती निघते. किनाऱ्यावरच्या वाळूचा तो रंग नव्हे. ती मोटर इथेच, उजनीत बुडालेली.

दाब मोजायचा तर मोटर गरम करा, दोन्ही प्लग काढा, एकेका भोकात दाबमापक बसवा, थांबवायची दोरी ओढून ठिणगी बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि दोरी पाच-सहा वेळा ओढा. आकडा किती यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. १० टक्क्यांपर्यंत चालतं. ११० आणि ८५ आले तर भाव नव्हे, मोटरच सोडा. समुद्रातली मोटर असेल तर थर्मोस्टॅट काढून बघा, थंडाव्याच्या वाटेत मीठ घट्ट बसलेलं असतं. रॉकेलवर चालणारी असेल तर प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर काजळी जास्त असणारच, त्याला घाबरू नका. खालच्या गिअरबॉक्सचा तळचा स्क्रू सैल करून थेंबभर तेल काढा. दुधाळ चहासारखं आलं तर सील गेलंय. तेलाआधी पाणीच ठिबकलं तर ते बऱ्याच दिवसांपूर्वी गेलंय, आणि आतल्या बेअरिंगचं काय झालं असेल ते न उघडता सांगता येणार नाही.

पाण्यातली चाचणी सकाळी घ्या. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वारा उठतो आणि मग मोटरीची परीक्षा बाजूला राहून तुमचीच सुरू होते. पूर्ण टाकी, नेहमीची माणसं, लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर. पूर्ण थ्रॉटलला मोटर तिच्या पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचते का बघा. वायरला गुंडाळायचं साधं टॅकोमीटर पुरतं. पोहोचत नसेल तर पंखा चुकीचा, किंवा बोट पाणी प्यायलेली. तेव्हा काट्याची पावती पुन्हा काढा, उत्तर तिच्यावर असतं. मोटरीच्या बाजूने पाण्याची धार सलग यायला हवी. बारीक किंवा तुटक असेल तर इम्पेलर, म्हणजे थंडाव्याचं पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चाक, गेलंय. तो बदलायला फार लागत नाही, भावातून वजा करा.

कागद करताना

ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात करारासाठी किमान ५०० रुपयांचा स्टँप लागतो. ‘मी मागच्याकडून घेतली तेव्हाचा कागद’ म्हणून १०० च्या स्टँपवरचा त्यानंतरच्या तारखेचा करार दाखवला तर तो मागे-पुढे करून बनवलेला असू शकतो. स्टँपच्या मागे विक्रेत्याचा शिक्का आणि तारीख असते, ती करारातल्या तारखेनंतरची निघाली तर प्रश्नच मिटला. तुमच्या करारात बोटीची टेपने मोजलेली लांबी-रुंदी-खोली, मोटरीचा नंबर, आधीच्या नोंदणीचा नंबर आणि काट्याच्या पावतीचा क्रमांक लिहा. इसार दहा टक्क्यांच्या वर देऊ नका. शेवटचा हप्ता नोंदणी तुमच्या नावावर चढल्याच्या दिवशी. विकणाऱ्याला ते मान्य नसेल तर मधला मार्ग असा: बोट टेंभुर्णी किंवा करमाळ्यात तिसऱ्याच्या आवारात, मोटर काढून वेगळी, आणि तिची चावी व थांबवायची दोरी तुमच्याकडे.